कमी वेगात बंद पडणारी कार्बोरेटरची जुनी गाडी : दोष शोधण्याचा क्रम

सिग्नल जवळ आला म्हणून ॲक्सिलरेटरवरून पाय काढावा, क्लच दाबावा आणि इंजिनाने दोन-तीनदा थरथरून बंद पडावे; मोकळ्या रस्त्यावर साठ-सत्तरच्या वेगात मात्र त्याच गाडीची कसलीही तक्रार नसावी, हा अनुभव कार्बोरेटरच्या (म्हणजे हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनाला देणाऱ्या भागाच्या) जुन्या गाड्या अजून वापरणाऱ्यांना चांगलाच परिचित आहे. पुढील विवेचनात प्रामुख्याने मारुती ८०० डोळ्यांसमोर ठेवली आहे. डिसेंबर १९८३ मध्ये पहिली गाडी ग्राहकाच्या हाती पडल्यापासून २००० सालच्या सुमारास इंजेक्शनचे (पेट्रोल फवाऱ्याने देणारे) इंजिन येईपर्यंत तिचे ७९६ सीसीचे, तीन सिलिंडरचे इंजिन कार्बोरेटरवर चालत असे, आणि त्या काळातल्या कितीतरी गाड्या आजही घरोघरी जपलेल्या दिसतात. जुनी ओम्नी किंवा प्रीमियर पद्मिनी यांनाही हाच क्रम थोड्याफार फरकाने लागू पडतो.

या दोषावर सर्वांत आधी केला जाणारा आणि खरे तर सर्वांत शेवटी करायला हवा असा उपाय म्हणजे आयडलिंगचा, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन ज्या वेगाने चालते तो वेग ठरवणारा, स्क्रू पिळणे. गॅरेजमध्ये गाडी नेली की बोनेट उघडले जाते, स्क्रू अर्धा फेरा आत घेतला जातो, इंजिनाची रेस वाढते, गाडी बंद पडायची थांबते आणि मालक समाधानाने घरी जातो. दोष मात्र जागच्या जागी राहतो. पेट्रोल जास्त जाते, गाडी उभी असतानाही पुढे रेटा देऊ लागते, पहिला गिअर टाकताना खरखर होते, आणि कधी कधी किल्ली बंद केल्यावरही इंजिन गचके देत काही क्षण चालू राहते. महिन्याभरात मूळ दोष वाढला, की गाडी वाढवलेल्या रेसवरही बंद पडू लागते आणि तेव्हा निदान अधिक अवघड झालेले असते.

दोष कमी वेगातच का दिसतो, हे आधी नीट समजून घ्यावे. आयडलिंगला थ्रॉटलची (ॲक्सिलरेटरने उघडणारी) झडप जवळजवळ पूर्ण मिटलेली असते. इंजिनाला लागणारी हवा अत्यंत थोडी, आणि पेट्रोल येते ते कार्बोरेटरमधल्या स्लो जेटच्या सुईएवढ्या छिद्रातून. अशा वेळी एखाद्या तडकलेल्या रबरी नळीतून शिरणारी थोडीशी जादा हवासुद्धा मिश्रणाचे प्रमाण बिघडवते. झडप उघडली की तीच गळती एकूण हवेच्या मानाने नगण्य ठरते. शिवाय तीनच सिलिंडर असल्यामुळे त्यातला एक जरी अशक्त झाला तरी इंजिनाची तृतीयांश ताकद जाते. वेगात फ्लायव्हीलची गती आणि धावणाऱ्या गाडीचा रेटा ती उणीव झाकून टाकतात. आयडलिंगला झाकायला काहीच नसते.

गाडी केव्हा आणि कशी बंद पडते

पाना हातात घेण्यापूर्वी काही दिवस वही आणि पेन गाडीत ठेवावे आणि गाडी बंद पडली की त्या वेळची परिस्थिती लिहून काढावी. इंजिन थंड होते की तापलेले, ब्रेकवर पाय होता का, वळण घेतले जात होते का, एसी किंवा हेडलाइट चालू होते का, आदल्या रात्री पाऊस पडला होता का, टाकीत पेट्रोल किती होते, आणि पुन्हा चालू व्हायला किती वेळ लागला. या नोंदींनी निम्मे काम होते. फक्त ब्रेक दाबल्यावर बंद पडणाऱ्या गाडीत ब्रेक बूस्टर (इंजिनाच्या ओढीने ब्रेक दाबायला मदत करणारा भाग) असेल तर पहिला संशय त्यावर आणि त्याच्या नळीवर घ्यावा. पावसाळी सकाळी बंद पडणाऱ्या गाडीत डिस्ट्रिब्युटरच्या (प्रत्येक प्लगला पाळीपाळीने वीज पोहोचवणाऱ्या भागाच्या) टोपीवर आणि प्लगच्या वायरींवर. अर्ध्या तासाच्या गर्दीनंतरच बंद पडणाऱ्या गाडीत इग्निशन कॉइलवर किंवा तापलेल्या पेट्रोल पंपावर.

इंजिन कसे बंद पडते, याकडेही लक्ष द्यावे. किल्ली फिरवल्यासारखे एका क्षणात बंद झाले तर बहुधा विजेचा दोष असतो : सैल झालेली वायर, कॉइल, पॉइंट (ठिणगीसाठी वीज जोडणारे-तोडणारे संपर्क), बॅटरीचे टर्मिनल किंवा इंजिनापासून बॉडीकडे जाणारी अर्थिंगची पट्टी. हळूहळू दम सुटल्यासारखे, हेलकावे खात बंद झाले तर पेट्रोल किंवा हवेचा प्रश्न असण्याची शक्यता जास्त. सतत एका लयीत थरथरत असेल, ज्याला सगळे ‘मिसिंग’ म्हणतात, तर एखादा सिलिंडर काम करत नाही असे समजावे. क्लच पूर्ण दाबूनही गाडी गिअरमध्ये ओढली जात असेल, तर इंजिनाकडे वळण्याआधी क्लचची केबल तपासावी, कारण तिथे इंजिन बंद पडत नसून बंद पाडले जात असते.

निदान चालू असेपर्यंत एक गोष्ट लक्षात असू द्यावी. चालत्या गाडीचे इंजिन बंद पडले की ब्रेक बूस्टरला मिळणारी मदत एक-दोन दाबांपुरतीच उरते. म्हणून ब्रेक वारंवार न मारता एकदाच घट्ट दाबून धरावा आणि गाडी कडेला घ्यावी.

चोकची कसोटी

मारुती ८०० आणि पद्मिनी या दोन्ही गाड्यांना हाताने ओढायचा चोक असतो, आणि तो फुकटातले सर्वांत उपयोगी उपकरण आहे. इंजिन पूर्ण तापू द्यावे, हँडब्रेक लावावा, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवावी आणि आयडलिंग डळमळीत असताना चोक अगदी हलक्या हाताने, चतुर्थांशाच्या आसपास ओढावा.

इंजिन सावरले आणि एकसारखे चालू लागले, तर मिश्रणात पेट्रोल कमी पडत आहे किंवा नको तिथून हवा शिरत आहे. इंजिन आणखी बिघडले, सायलेन्सरमधून काळा धूर आला, तर मिश्रण आधीच जास्त श्रीमंत आहे, म्हणजे त्यात पेट्रोल जास्त आहे. फ्लोटची (कार्बोरेटरमधली पेट्रोलची पातळी राखणाऱ्या तरंगत्या भागाची) सुई गळत असेल, एअर फिल्टर धुळीने भरला असेल किंवा चोकची झडप अर्धवट अडकून राहत असेल. काहीच फरक पडला नाही, तर कार्बोरेटर बाजूला ठेवून स्पार्क आणि सिलिंडरच्या झडपांकडे वळावे. ही कसोटी न करता कार्बोरेटर उघडणाऱ्याच्या हाती गाडी देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

इंजिन हवा कुठून घेते

चोकने इंजिन सावरले असेल तर आधी गळती शोधावी, कारण ती शोधायला काही उघडावे लागत नाही. इंजिन चालू असताना काम करायचे असल्याने गाडी मोकळ्या जागेत असावी, ओढणी, सैल बाह्या आणि हात पट्ट्यापासून व पंख्यापासून दूर ठेवावेत. रेडिएटरचा विजेचा पंखा कोणत्याही क्षणी सुरू होऊ शकतो.

मॅनिफोल्डपासून (कार्बोरेटरमधून सिलिंडरांकडे मिश्रण नेणाऱ्या नळकांड्यापासून) निघणारी प्रत्येक रबरी नळी बोटांनी चाचपावी. वीस-तीस वर्षांची नळी वरून धड दिसते आणि टोकाशी, जिथे ती पाइपवर चढवलेली असते तिथे, खालच्या अंगाने फाटलेली असते. पकडीच्या तोंडाला कापड गुंडाळून एकेक नळी क्षणभर चिमटावी. एखादी नळी बंद करताच इंजिनाचा आवाज सुधारला, तर त्या नळीत किंवा तिच्या पलीकडच्या भागात गळती आहे. कानाशी फूटभर लांबीची रबरी नळी धरून तिचे दुसरे टोक कार्बोरेटरच्या बुडाभोवती फिरवले, तर गळतीच्या जागी फुसफुस स्पष्ट ऐकू येते. कार्बोरेटर आणि मॅनिफोल्ड यांच्यामधले गॅस्केट ही नको ती हवा आत शिरण्याची नेहमीची जागा आहे. कार्बोरेटर अनेकदा काढला-बसवला गेला असेल आणि नट एका बाजूने जास्त आवळले गेले असतील, तर त्याचा पायाच वाकतो आणि नवे गॅस्केट घालूनही गळती राहते. अशा जागी पाण्याचा बारीक फवारा मारून पाहावा. आवाज क्षणभर बदलला तर गळती तिथेच आहे. अनेक जण यासाठी कार्बोरेटर क्लीनर फवारतात, पण खालीच तापलेला एक्झॉस्ट मॅनिफोल्ड असताना तो पेट घेण्याचा धोका घेऊ नये. पाणी डिस्ट्रिब्युटरवर जाणार नाही एवढी काळजी मात्र घ्यावी.

बूस्टरची परीक्षा सोपी आहे. इंजिन बंद ठेवून ब्रेक चार-पाच वेळा मारावा, मग पाय दाबून धरूनच इंजिन चालू करावे. पेडल किंचित खाली गेले तर बूस्टर काम करतो. त्यानंतर चालू इंजिनावर ब्रेक दाबून धरल्यावर आत सतत फुसफुस ऐकू येत असेल आणि आयडलिंग घसरत असेल, तर बूस्टरचा पडदा फाटला आहे. हा दोष ब्रेकचा असल्यामुळे तो दुरुस्त होईपर्यंत गाडी वापरू नये.

व्हॅक्यूम गेज, म्हणजे मॅनिफोल्डमधली ओढ मोजणारे मापक, मिळाला तर अवश्य लावावा. समुद्रसपाटीवर निरोगी इंजिनाचा काटा आयडलिंगला (पाऱ्याच्या) १७ ते २२ इंचांच्या दरम्यान स्थिर राहतो. उंचीनुसार दर हजार फुटांना सुमारे एक इंच कमी धरावा. म्हणजे मुंबईत १९ दाखवणारे इंजिन पुण्यात १७ च्या आसपास आणि महाबळेश्वरला १५ च्या आसपास दाखवेल, आणि त्यात दोष काही नाही. काटा स्थिर पण बराच खाली असेल तर हवेची गळती किंवा मागे पडलेले टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ). ठरावीक लयीत झटका देऊन खाली येत असेल तर एखादी झडप. संथपणे पुढेमागे तरंगत असेल तर मिश्रण.

स्पार्क

तिन्ही प्लग काढावेत आणि ज्या क्रमाने काढले त्याच क्रमाने कागदावर मांडावेत. फिकट तपकिरी रंग म्हणजे सारे ठीक. कोरडी काळी काजळी म्हणजे जास्त पेट्रोल, पांढरट भाजलेला रंग म्हणजे कमी पेट्रोल किंवा हवेची गळती, आणि ऑइलचा ओलावा म्हणजे रिंग किंवा झडपेचे सील. दोन प्लग तपकिरी आणि एकच काळा असेल, तर दोष कार्बोरेटरचा नाही. कार्बोरेटर तिन्ही सिलिंडरांना सारखाच बिघडवतो. प्लगचा गॅप फीलर गेजने मोजून ०.७ ते ०.८ मिलिमीटर ठेवावा.

रात्री अंधारात बोनेट उघडून इंजिन चालू ठेवले, तर खराब झालेल्या वायरींमधून बाहेर उडणाऱ्या निळसर ठिणग्या डोळ्यांनी दिसतात. डिस्ट्रिब्युटरच्या टोपीत आतून केसासारखी बारीक काळी रेघ दिसली तर ती टोपी बदलावी. ती घासून पुसून चालत नाही. पॉइंट असलेल्या गाड्यांमध्ये त्यांची तोंडे खड्डे पडून खडबडीत झाली आहेत का ते पाहावे आणि गॅप ०.४ ते ०.५ मिलिमीटर ठेवावा. पॉइंट नवे असूनही लवकर जळत असतील तर कंडेन्सर बदलावा. कॉइलचा दोष बहुधा तापल्यावरच दिसतो : गाडी बंद पडते, पंधरा-वीस मिनिटांनी निमूट चालू होते, आणि गॅरेजमध्ये पोहोचेपर्यंत सगळे ठीक असते. म्हणून बंद पडल्या क्षणीच, रस्त्याच्या कडेला, स्पार्क येतो की नाही हे पाहण्याची तयारी ठेवावी. एक जादा प्लग आणि इन्सुलेटेड पकड गाडीत असली की पुरे.

पेट्रोल

वेगात गाडी उत्तम, पाय काढला की बंद, आणि थोडा चोक ओढला की ठीक, अशी लक्षणे असून हवेची गळती सापडली नसेल, तर स्लो जेटमध्ये कचरा आहे असे जवळजवळ खात्रीने म्हणता येते. मात्र जेट काढण्यापूर्वी दोन गोष्टी पाहाव्यात. कार्बोरेटरला बारीक वायर जोडलेला सोलेनॉइड असेल, तर किल्ली ऑन करून, इंजिन चालू न करता, ती वायर काढून पुन्हा लावावी. ‘टक्’ असा आवाज आला पाहिजे. तो आला नाही तर आयडलिंगचे पेट्रोल तिथेच अडते आणि जेट कितीही साफ केले तरी उपयोग होत नाही. दुसरे म्हणजे टाकीचे झाकण. गाडी बंद पडताच झाकण उघडावे. हवा आत ओढल्याचा जोरदार आवाज आला आणि गाडी लगेच चालू झाली, तर झाकणातले हवेचे छिद्र बुजलेले आहे.

जेट साफ करताना त्यात तार घालू नये. जेट पितळेचे असते, छिद्र केसभर मोठे झाले तरी मिश्रण कायमचे बिघडते. क्लीनर आणि कॉम्प्रेसरची हवा एवढ्यानेच काम करावे, आणि त्याच वेळी पेट्रोल फिल्टर बदलावा, अन्यथा तोच कचरा आठवड्याभरात परत येतो.

उन्हाळ्यातल्या गर्दीत बंद पडणाऱ्या गाडीची गोष्ट वेगळी असते. इंजिनावर बसवलेला यांत्रिक पंप आणि त्याचा पाइप तापून आतल्या पेट्रोलची वाफ होते आणि पंप वाफ ढकलू शकत नाही. मुंबईत पद्मिनी टॅक्सी चालवणारे पंपावर ओले फडके ठेवत, ते याच कारणाने. त्या ताफ्यातली शेवटची टॅक्सी २००३ मध्ये नोंदली गेली आणि २०२३ मध्ये तिची मुदत संपली, पण ओल्या फडक्याची कसोटी आजही तितकीच खरी आहे. फडके ठेवल्यावर गाडी चालू झाली तर पंपाखालचा उष्णतारोधक तुकडा जागेवर आहे का, पाइप एक्झॉस्टला चिकटून जातो का आणि रेडिएटरचा पंखा वेळेवर सुरू होतो का, हे तपासावे.

गेल्या काही वर्षांत यात इथेनॉलची भर पडली आहे. फेब्रुवारी २०२३ पासून वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल पंपांवर येऊ लागले आणि आता तेच सर्वत्र मिळते. साध्या पेट्रोलला जाळण्यासाठी वजनाने सुमारे १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला सुमारे ९ पट. साध्या पेट्रोलसाठी बेतलेले जेट तेवढेच राहिल्यामुळे जुन्या कार्बोरेटरचे मिश्रण या इंधनावर आपोआप थोडे दुबळे होते, आणि आधीच काठावर असलेली आयडलिंग कोलमडते. इथेनॉल हवेतला ओलावाही शोषून घेते, त्यामुळे आठवड्यातून एकदाच बाहेर निघणाऱ्या गाडीच्या फ्लोट चेंबरमध्ये पाणी आणि गंज साठण्याची शक्यता वाढते. जुने रबरी पाइप, पंपाचा पडदा आणि गॅस्केट यांवरही त्याचा परिणाम होतो. पेट्रोलचा पाइप दाबल्यावर तो चिकट, फुगलेला किंवा भेगाळलेला वाटला, तर इथेनॉलला टिकणारा नवा पाइप घालावा. हा खर्च टाळू नये, कारण इथे गळणारे पेट्रोल तापलेल्या इंजिनावर पडते.

गाडीला सीएनजीचे किट असेल तर वरील सगळ्याच्या आधी ती दोन्ही इंधनांवर चालवून पाहावी. गॅसवरच बंद पडत असेल तर गॅसचा दाब कमी करणारा रिड्यूसर आणि गॅसचे आयडल सेटिंग पाहावे. पेट्रोलवरच बंद पडत असेल, तर महिनोन्महिने पेट्रोल न वापरल्यामुळे कार्बोरेटर सुकून चिकटला असण्याची शक्यता मोठी. इंजेक्शनच्या जुन्या गाड्यांमध्ये कार्बोरेटरच्या जागी थ्रॉटल बॉडीवरचा कार्बन आणि आयडलची हवा सोडणारा व्हॉल्व्ह हे पहिले संशयित. हवेची गळती आणि स्पार्क यांच्या कसोट्या तिथेही तशाच लागू होतात.

स्क्रूला हात लावण्याची वेळ

आता टॅपेट (झडपा उघडणाऱ्या भागांमधली फट) पाहावेत, आणि इथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. टॅपेटचा आवाज येत नाही म्हणजे इंजिन उत्तम, असे मानले जाते. प्रत्यक्षात टॅपेट जास्त आवळलेले असतील तर झडप पूर्ण मिटत नाही, आयडलिंगला कॉम्प्रेशन सुटते आणि कालांतराने झडप जळते. गाडीच्या पुस्तिकेत दिलेला गॅप फीलर गेजने मोजूनच ठेवावा.

हे सगळे झाल्यावर इंजिन पूर्ण तापवावे, एअर फिल्टर जागेवर ठेवावा, एसी आणि दिवे बंद करावेत. आयडलिंगच्या स्क्रूने फेरे मिनिटाला ९०० च्या आसपास आणावेत. बोनेटखालच्या पट्टीवर वेगळा आकडा दिला असेल तर तो प्रमाण मानावा. मग मिश्रणाचा स्क्रू हळूहळू आत घ्यावा. इंजिन अडखळू लागले की थांबावे आणि तिथून पाव-पाव फेरा बाहेर काढत जावे, जोपर्यंत आवाज सर्वांत गुळगुळीत लागत नाही. फेरे वाढले असतील तर आयडलिंगच्या स्क्रूने पुन्हा खाली आणावेत आणि हाच क्रम आणखी एकदा करावा. मिश्रणाचा स्क्रू तळाशी आवळू नये. त्याच्या टोकाला कडा पडली की नेमके सेटिंग पुन्हा कधीच मिळत नाही.

त्यानंतर पीयूसी केंद्रावर जाऊन कार्बन मोनॉक्साइडचा आकडा पाहावा. भारत स्टेज-२ या प्रदूषण-मानकाच्या आधीच्या चारचाकी पेट्रोल गाड्यांना आयडलिंगला ३ टक्क्यांपर्यंत मुभा आहे. आकडा त्याहून खूप वर असेल तर मिश्रण श्रीमंत आहे. कार्बन मोनॉक्साइड कमी आणि न जळलेल्या हायड्रोकार्बनचा आकडा मात्र मोठा असेल, तर एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल न जळता बाहेर पडत आहे, आणि पुन्हा स्पार्क किंवा झडपांकडे जावे लागेल.

इतके करूनही आयडलिंग टिकत नसेल तर कॉम्प्रेशन मोजून घ्यावे. तिन्ही प्लग काढावेत, कॉइलची वायर सोडवावी, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरावा आणि स्टार्टर फिरवावा. तिन्ही आकडे जवळपास सारखे यायला हवेत. एक बराच कमी आला तर त्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल घालून पुन्हा मोजावे : आकडा वाढला तर रिंग झिजल्या आहेत, तसाच राहिला तर झडप गळते आहे, आणि शेजारचे दोन सिलिंडर एकदमच कमी दाखवत असतील तर त्यांच्यामधले हेड गॅस्केट उडाले आहे.